खडकावरचा दिवा, कोथरूडचा कॅमेरा

जानेवारीतला रविवार, सकाळ. स्थळ: कोथरूड, आमच्या सोसायटीचं गेट. हजर: आई, दादा, शेजारचे नाना, टॅक्सीवाला आणि मी. आई म्हणाली, "रडारड नको. लोक गॅलरीत उभे आहेत." नाना म्हणाले, "स्कॉटलंडात दीपस्तंभांच्या खात्यात नोकरी! वा! काय शांतता असेल!"

नानांना दीपस्तंभ ठाऊक होता तो सत्काराच्या भाषणांतला. खरा उभा असतो भर समुद्रातल्या खडकावर, पक्ष्यांच्या शिटेनं माखलेला. आत माणूस नसतो. राखणदार केव्हाच उतरवले. दिवा आपोआप लागतो, बिघडला तर किनाऱ्यावर आमच्या ऑफिसात अलार्म वाजतो. मग मी दुरुस्तीची माणसं पाठवते. हवा बरी असेल तर हेलिकॉप्टरनं, नाहीतर बसा वाट बघत. आत गोल भिंतीला धरून केलेल्या वाकड्या खाटा अजून आहेत. बंदरावरचे पर्यटक दीपस्तंभाचं चित्र असलेले कॉफीचे मग घेतात आणि उसासे टाकतात. त्यांना त्या खाटेवर एकदा झोपवायला हवं.

पुढे दादा कॅनडाला गेला. मग आम्ही दोघांनी 'आईची व्यवस्था' केली, म्हणजे हॉलमध्ये कॅमेरा बसवला आणि दाराला सेन्सर. दादानं ग्रुपवर लिहिलं, "आता टेन्शन नाही." परदेशात गेलेल्या तुम्हा बहुतेकांच्या घरी हेच यंत्र आहे. उगाच नाक मुरडू नका.

गेल्या महिन्यात माझ्या फोनवर कॅमेऱ्याची स्क्रीन अचानक काळी झाली. मी फोन लावला.

"पंचा वाळत घातलाय," आई म्हणाली.

"कॅमेऱ्यावर?"

"मग काय करू त्याचं? पडले तर उचलणार आहे का तो?"

पडले तर? आई सहज बोलणारी बाई नव्हे. मी नानांना फोन केला. आठवड्यापूर्वी ती बाथरूममध्ये पडली होती. हाक ऐकून नाना त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेले, तिला उठवलं, डॉक्टरकडे नेलं. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या," ते म्हणाले. त्या दिवशी माझ्या ॲपवर सगळं ठीक होतं. रिकामा हॉल फार स्वच्छ दिसतो.

दादानं तातडीनं उपाय काढला: पॅसेजमध्ये दुसरा कॅमेरा. हुशार आहे आमचा दादा. मी त्याला लिहिलं, खडकावरून माणूस हलवला तरी जहाजांचं भागतं, कारण त्यांना फक्त दिवा हवा असतो.

राजीनामा लिहून झाला. इथलं भाड्याचं घर सोडायची नोटीस दिली. पुण्याला जायचं तिकीट बघून ठेवलं, परतीचं नाही. माझं घर कुठे, असं आता कुणी विचारलं, तर जिथली किल्ली नानांकडे आहे ते.

एकच काम राहिलंय: मी कायमची आले तर तुला चालेल का, हे आईला विचारणं. रोज फोन लावते आणि हवापाण्यावर बोलून ठेवते.