सत्तावीस इंचांचा खण

माझ्या गॅरेजमधली टूल ट्रॉली सगळ्यांना आवडते. हिरवी, आठ खणांची, चार चाकांची, वर रबराची चादर. गिऱ्हाइकं गाडी सोडून आधी तिच्याकडं बघतात. ती मी कशी निवडली हे कुणी विचारलं, तर मी गेज, पत्रा, बेअरिंगवर सरकणारे खण असलं काहीतरी सांगतो. खरं कारण एक पेचकस होता.

तो पेचकस आमच्या उस्तादांचा. शहरातल्या छावणी भागात त्यांचं गॅरेज होतं आणि तिथं मी आणि माझा जोडीदार, दोघं एकाच वर्षी कामाला लागलो. वय अठरा-एकोणीस. मी देवगाव रंगारीकडचा, घरी मेंढरं. तो शहरातला, वडील कचेरीत, आजोबा कुणाकुणाच्या घरच्या पूजा सांगणारे. त्याला गाड्यांचा नाद लागला म्हणून घरच्यांशी भांडून आला होता. मला नाद-बिद काही नव्हता, मला मेंढरांमागं फिरायचं नव्हतं.

उस्तादांचा पेचकस म्हणजे दोन फुटांची पोलादी सळई. एका बाजूला चपटं टोक, दुसऱ्या बाजूला बाभळीची मूठ, त्यांनी स्वतः तासलेली. स्क्रू फिरवायला तो त्यांनी क्वचितच वापरला. चालू इंजिनावर टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "तीन नंबर का बेअरिंग बोलरा." इंजिन उघडलं की तेच निघायचं. आम्ही दोघं शेजारी उभे राहायचो, श्वास धरून. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघत थांबण्याशिवाय आमच्या हातात काही नसायचं.

तिथून बाहेर पडून आम्ही आपापली गॅरेजं टाकली, त्याला वीसेक वर्षं झाली. निघायच्या दिवशी उस्तादांनी आपला रिंग पान्यांचा पूर्ण सेट त्याला दिला. मला चहा पाजला आणि पाठीवर थाप मारली, "तू तो अपना ले लेगा रे." ही गोष्ट मी विसरलेलो नाही. ट्रकखाली पाठ भाजून घेत पडलो मी, ग्रीसनं हात फाटले माझे. तो तेव्हा निम्मा वेळ बिलं लिहायचा, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. पाने मात्र त्याला.

आता त्याचं गॅरेज क्रांती चौकापासून जवळ आहे, माझं शहराबाहेर कारखान्यांच्या रस्त्याला. खंडेनवमीला आम्ही दोघंही हत्यारांची पूजा करतो आणि उस्ताद दोन्हीकडं येतात. पूजा आम्ही करायची, त्यांनी खुर्चीवर बसायचं, मांडलेली हत्यारं एकेक करून बघायची, पेढा खायचा. त्यांच्या पाहण्याशिवाय आमची पूजा पुरी होत नाही. पण आधी ते त्याच्याकडं जातात, कारण ते वाटेत पडतं. मला ते कारण पटतं आणि तरी दरवर्षी नऊ वाजल्यापासून मी गेटकडं बघत बसतो.

मागच्या वर्षी मीही सकाळी त्याच्याकडं गेलो. त्यानं लाल ट्रॉली घेतली होती, सात खणांची. प्रत्येक खणावर पट्टी, पट्टीवर त्याचं ते मोत्यासारखं अक्षर. उस्तादांनी एक खण ओढला, तो आवाज न करता आला, आवाज न करता गेला. ते म्हणाले, "हत्यारों कू ऐसा घर होना." माझ्याकडं तेव्हा सगळी हत्यारं भिंतीवरच्या फळीला खिळे मारून टांगलेली. त्या दिवशी माझ्याकडं आल्यावर उस्ताद त्या फळीसमोर बसले, पेढा खाल्ला, काही बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर चाललं असतं.

यंदा उस्तादांनी गॅरेज बंद केलं. गुडघे गेले. जॅक, वाइस, कंप्रेसर सगळं विकलं, राहिला तेवढा पेचकस. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा तो त्यांच्या खाटेवर उशाला होता. म्हणाले, "ये बेचने की चीज नै. खंडेनवमी कू देखता, किसकू देना."

मी घरी येईपर्यंत ठरवलं, ट्रॉली घ्यायची. त्याच्याहून मोठी. आणि तिच्यात असा एक खण पाहिजे, की उघडला की उस्तादांना दिसावं, हा पेचकस इथंच बसणार.

पहिलं काम, त्याची ट्रॉली मोजणं. एका दुपारी गास्केटच्या निमित्तानं त्याच्याकडं गेलो. तो गाडीखाली होता. मी खिशातला टेप काढला, वरचा खण ओढला आणि आतून माप घ्यायला लागलो. टेपचं टोक काही टिकेना, सारखं सुटून परत येत होतं. तेवढ्यात ते टोक कुणीतरी धरलं. तो उठून आला होता.

"मापच घ्यायचंय तर सांगायचं की. धरतो ना मी."

"गास्केट हाय का बघत व्हतो. माझ्याकडं नाय म्हणून."

"बावीस इंच आहे आतून," तो म्हणाला. "पेचकस चोवीसचा. सरळ नाही बसायचा. तिरका बसतो."

म्हणजे त्यानंही मोजलं होतं. माझं डोकं तापलं. "उस्तादांची वस्तू तिरकी ठेवणार तू?"

"वस्तू ठेवायची कशाला? वापरायची," तो म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला. गास्केट त्यानं खरंच दिलं. ते मी परतीच्या रस्त्यात फेकून देणार होतो. दिलं नाही फेकून. चांगलं होतं.

ट्रॉली बघायला चार दुकानं फिरलो. कुठं पत्रा असा पातळ, की बोट दाबलं की वाजायचं. कुठं खण अर्धेच बाहेर यायचे, मागची हत्यारं शोधायला हात कोपरापर्यंत घालावा लागायचा. पाचव्या दुकानात ही हिरवी दिसली. मी आधी किंमत विचारली नाही, टेप काढला. खण आतून सत्तावीस इंच. खण ओढला, पूर्ण बाहेर आला. दोन खण एकदम ओढून बघितले, दुसरा आलाच नाही. पोरगेल्या दुकानदारानं सांगितलं, एका वेळी एकच उघडतो, म्हणजे वजन पुढं येऊन ट्रॉली तोंडावर पडत नाही. मला ती त्याच क्षणी पाहिजे होती, म्हणून मी तोंड वाकडं केलं.

"रंग लई भडक हाय."

"काका, हाच रंग येतो. आणि फिक्स रेट आहे, आधीच सांगतो."

"फिक्स रेट दर्ग्याच्या पेटीला पण नसतो, भाऊ. आन् काका कुणाला म्हणतो?"

तासभर चाललं. मी दोनदा उठून रस्त्यापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. एकदा आवाज इतका चढला, की शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. पोरगा ऐकेना. शेवटी मी खिशातून रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. आमच्याकडं जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, किती बोटं आणि कोणती, त्यावरून भाव. तोंडानं कुणी काही बोलत नाही आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. बापाबरोबर मेंढरं विकायला जायचो तेव्हापासून मला ते येतं.

"हे काय आता?" पोरगा हात मागं घेत म्हणाला.

मागं गल्ल्याशी एक म्हातारा पेपर वाचत होता, त्याचा बाप. तो हसला. "ए, सरक तू. लई वर्षांनी आला कुणीतरी माणूस." त्यानं माझ्या रुमालाखाली हात घातला.

मी बोट दाबलं. त्यानं दुसरं दाबलं. मी त्याचं मोडून माझं धरलं. त्याचा हात गार होता आणि घाई कसली नव्हती. तीन-चार फेऱ्या झाल्या आणि अचानक त्यानं मला पाहिजे तोच भाव धरला. मी रुमाल ओढणार, तेवढ्यात तो तोंडानं बोलला, "या भावात चाकं साधी. ब्रेकवाली नाय."

ब्रेकवाली चाकं म्हणजे पायानं दाबली, की जागेवर बसणारी. मी हसलो. मला वाटलं, म्हातारा आपली शान राखायला काहीतरी मागतोय. "ब्रेक कशाला लागतोय? कपाट काय पळून जाणार हाय?"

"व्हय, ते पण खरं," म्हातारा म्हणाला आणि पेपर उचलला. पोरगा खाली बघून हसत होता. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

माझ्या गॅरेजची फरशी उताराची आहे. मीच करून घेतली, गाड्या धुतल्या की पाणी आपोआप गेटकडच्या नालीत जावं म्हणून. माझ्या जोडीदाराची फरशी सपाट, त्याला पाणी वायपरनं ओढावं लागतं. त्याच्यापेक्षा माझं काही बरं असेल तर ही फरशी. ती मी प्रत्येकाला दाखवतो. ट्रॉली घेताना मात्र ती माझ्या डोक्यात आली नाही.

खंडेनवमीपर्यंत मी ट्रॉली मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली. तिथं जमीन सपाट आहे. आदल्या दिवशी सगळी हत्यारं भरली, पट्ट्या चिकटवल्या. अक्षर माझंच, जसं आहे तसं. खण सगळेच सत्तावीस इंचांचे, त्यातला सगळ्यात खालचा पेचकससाठी रिकामा ठेवला. त्यात लाल मखमल अंथरली. सकाळी ट्रॉली ढकलत गॅरेजच्या मधोमध आणली, गेटमधून थेट दिसावी म्हणून. चाकं फरशीच्या सांध्यात बसली आणि ती थांबली. झेंडूचा हार घातला, वर नारळ ठेवला.

उस्ताद साडेदहाला आले. माझ्या जोडीदाराच्या मोटारसायकलवर, मागं बसून. हातात पेचकस. म्हणजे तिथून परत आणला होता, दिलेला नव्हता! मी इतका खूश झालो, की जोडीदारालाही मिठी मारली.

पूजा झाली. उस्ताद खुर्चीवर बसले नाहीत, सरळ ट्रॉलीकडं गेले. वरून एकेक खण ओढायचे, बघायचे, बंद करायचे. "हौ," म्हणायचे. दुसऱ्या खणाला "अच्छा है," म्हणाले. मी जोडीदाराकडं बघितलं. तो प्रसादाचं ताट घेऊन गेटच्या बाजूला उभा होता, त्याच्या मागं गिऱ्हाइकाची नुकतीच रंगवलेली पांढरी गाडी.

शेवटचा खण मखमलीच्या कडेत अडकला. उस्तादांनी एका हातानं पेचकस धरून दुसऱ्यानं तो झटक्यानं ओढला. मखमल दिसली. त्यांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. ते काहीतरी बोलणार होते. खण बंद करायला त्यांनी तळव्यानं जोर लावला आणि चाकं सांध्यातून सुटली.

भरलेली ट्रॉली आधी सावकाश निघाली. नारळ घरंगळला. मी हार धरला, तो तुटून हातात आला. ट्रॉलीनं वेग घेतला आणि जोडीदाराच्या अंगावर निघाली. त्यानं ताट टाकलं, खांदा लावला, तरी तो मागं सरकत होता. आणि उस्ताद, ज्यांचे गुडघे गेले होते, ते दोन पावलं धावले आणि त्यांनी पेचकस चाकापुढं आडवा घातला. चाक त्यावर चढलं, थांबलं. पांढरी गाडी वीतभर लांब होती.

 मग उस्ताद खाली बसले आणि हसायला लागले. "भागरी देखो! तेरेकू छोडके भागरी! ब्रेक किदर है रे इसका?"

"सौद्यात गेला," मी म्हणालो.

"तूने छोडा? सौदे में? तूने?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. जोडीदारही हसत होता, खांदा चोळत. सळई टोकाशी किंचित वाकली होती. मी ती काढायला गेलो तर उस्तादांनी हात धरला. "रैने दे. निकाला तो फिर भागेगी. रख ले. अब इदरीच काम है इसका."

म्हणजे पेचकस मला मिळाला. असा, चाकाखाली.

निघताना जोडीदारानं मोटारसायकल चालू केली आणि उस्ताद बसायच्या आत मला म्हणाला, "मी सकाळीच म्हटलं होतं त्यांना, हा त्यालाच द्या. माझ्याकडं पाने आहेत." चेहऱ्यावर काही नव्हतं, ना मोठेपणा, ना टोमणा. उस्तादांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मी विचारलं नाही. पेचकस त्यांनी मला द्यायलाच आणला होता, की त्यानं सोडला म्हणून माझ्याकडं आला, हे मला आजही माहीत नाही. भांडून घेतला असता तर माझा झाला असता. मिळालेल्या वस्तूचा भाव करता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या दुकानातून ब्रेकवाली चाकं आणली. चाकं त्यानं आधीच काढून ठेवली होती. पेचकस पुसून खालच्या खणात ठेवला, सरळ, आणि कुलूप लावलं.

महिन्याभरानं जोडीदाराचा फोन. एका डिझेल गाडीचा आवाज त्याला कळत नव्हता, पेचकस तासाभरासाठी पाहिजे होता.

"चावी सापडंना," मी म्हणालो. चावी शर्टाच्या खिशात होती.

"मग गाडीच आणतो. तूच ऐकून सांग."

आणली. मी चावी काढली, त्याच्यासमोरच, खिशातून. त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन चालू केलं, टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. मूठ उस्तादांच्या हातानं झिजलेली, माझ्या पंजाला थोडी लहान. पहिल्याच क्षणी कळलं, दोन नंबरचं बेअरिंग. तो शेजारी उभा होता, श्वास धरून, माझ्या तोंडाकडं बघत.

मी डोळे मिटले आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ ऐकत राहिलो.