हळूकाका आणि मालधक्का

हळूकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. बिघडलेले पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. वर घर, खाली कामाची खोली. त्या खोलीत पोट उघडून ठेवलेले पियानो, भिंतीवर तारांची वेटोळी, आणि मधोमध स्टुलावर काका. हातात तारा पिळायची किल्ली, कान लाकडाला लावलेला. बाहेर कुणी बादली जरी आपटली तरी ते विंचू चावल्यासारखे उठायचे, खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि एकच शब्द सोडायचे, "हळू!"

त्या एका शब्दावर त्यांनी अख्खी गल्ली वळणावर आणली होती. समोरचा गॅरेजवाला दुरुस्त झालेली मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन मगच सुरू करायचा. बेकरीवाल्याच्या मुलीला ड्रम वाजवायचा नाद, तर तिच्या ड्रमवर रजया बांधलेल्या. शिंपीणबाईंचा पोपट बाल्कनीतून मागच्या खोलीत हद्दपार झाला होता आणि तिथून सूड म्हणून काकांच्याच आवाजात "हळू! हळू!" ओरडायचा. लोक ऐकून घ्यायचे, कारण काका वयाने मोठे आणि भांडायला चिवट. पण मनातून सगळे मेटाकुटीला आलेले. काकूंचं तर विचारूच नका. त्या चमचासुद्धा बशीत झोपवून ठेवायच्या.

मग एके दिवशी गल्लीमागच्या मैदानावर पाटी उभी राहिली. इथे रेल्वेचा मालधक्का होणार. म्हणजे मालगाड्या येणार, डबे जोडणार, डबे तोडणार, रात्रंदिवस धडाधड. पाटी वाचून काका घरी आले ते पांढरेफटक पडून.

"बाकीच्यांची झोप जाईल गं," ते काकूंना म्हणाले, "माझं पोट जाईल. डबे आपटत असताना तार कशी ऐकू यायची? आणि या वयात कुठे जाऊन नवं दुकान मांडू?"

संध्याकाळी बेकरीत सभा भरली. गॅरेजवाला पिठाच्या पोत्यावर चढून म्हणाला, "हरकतीच्या अर्जावर सगळ्या घरांच्या सह्या पाहिजेत. एक घर जरी सुटलं, तरी रेल्वेचा साहेब म्हणेल, बघा, त्यांना चालतंय."

"पण सह्या गोळा कोण करणार?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"त्यात काय विचारायचं!" गॅरेजवाला म्हणाला, "आवाज बंद करा म्हणून घराघराच्या मागे लागायची सवय एकाच माणसाला आहे."

सगळी सभा काकांकडे वळून खदखदा हसली. काकांना राग गिळावा लागला. अडला हरी, दुसरं काय!

सुरुवात त्यांनी गॅरेजपासूनच केली. गॅरेजवाल्याने पेन हातात घेतलं, टोपण काढलं आणि थांबला.

"करतो की सही. पण काका, यापुढे गाडी दारातच सुरू करणार. चांगली घरघरवून बघणार. कबूल?"

काकांनी डोळे मिटले. "कबूल."

ही बातमी त्यांच्याआधीच पुढच्या दारांवर पोचली. शिंपीणबाई म्हणाल्या, "पोपट बाल्कनीत येईल." कबूल. बेकरीवाल्याची मुलगी म्हणाली, "रजया काढणार." कबूल. कुणाला खिळे ठोकायचे होते, कुणाला रेडिओ मोठ्याने लावायचा होता. काका मान डोलवत गेले. शांतता वाचवायला निघालेला हा माणूस दारोदार शांतताच वाटत सुटला होता, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अर्ध्याहून जास्त गल्ली संपली होती. मागे फिरायची सोय उरली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी अर्ज काकूंपुढे ठेवला. घर काकूंच्या नावावर होतं.

"सगळ्यांच्या अटी विचारल्यात," काकू म्हणाल्या, "माझी?"

"तुझी कसली अट?"

"मी स्वयंपाक करताना गाणार. आणि तुम्ही सूर सांगायचा नाही."

काकांना जुनं आठवलं. नवी नवरी असताना काकू दिवसभर गुणगुणायच्या. एकदा कामाच्या तंद्रीत ते बोलून गेले होते, "सूर जरासा उतरतोय तुझा." मनात काही नव्हतं, धंद्याची सवय. पण त्यानंतर घरात गाणं झालं नाही, आणि घर शांत आहे म्हणून काका इतकी वर्षं सुखात होते. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"कबूल," ते म्हणाले.

सुनावणीला सगळी गल्ली गेली. साहेब म्हणाले, "थोडासाच आवाज होईल हो." गॅरेजवाला ताडकन उठला. "साहेब, थोडासा आवाज म्हणजे काय ते या काकांशेजारी महिनाभर राहून बघा, मग बोला!" अख्खं सभागृह हसलं, साहेबही हसले, पण त्यानंतर तासभर त्यांना कुणी धड बोलू दिलं नाही. पुढे बऱ्याच हेलपाट्यांनंतर मालधक्का गावाबाहेरच्या पडीक जागेवर गेला आणि मैदानावरची पाटी उतरली.

गल्लीने मात्र आपल्या अटी चोख वसूल केल्या. ड्रम, इंजिनं, हातोड्या, पोपट! काका कानात कापूस घालून हिंडू लागले, पण शब्दाला जागले. एकदाही "हळू" म्हणाले नाहीत.

अशातच नाट्यगृहाचा मोठा पियानो दुरुस्तीला आला. काका लाकडाला कान लावून, कपाळाला आठ्या घालून बसले होते. बेकरीवाल्याच्या मुलीला ते खिडकीतून दिसले. तिने काड्या खाली ठेवल्या. तिचा ड्रम थांबला म्हणून गॅरेजवाल्याने बाहेर डोकावून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. काकांनी कापूस काढला. एकेक तार जागेवर येऊ लागली, आणि जीव कसा गार झाला.

मग त्यांच्या लक्षात आलं, वरचं स्वयंपाकघरही गप्प आहे. गाणं मधेच तुटलंय.

त्यांनी किल्ली ठेवली आणि जिन्याच्या पायथ्याशी गेले. "अगं, थांबलीस का?"

"तुमचं काम चाललंय ना."

"ते होईल. तू गा. त्याच अटीवर सही केलीयेस तू."

काकूंनी घसा खाकरला आणि गाणं उचललं. वरचा सूर अजूनही जरासा उतरत होता. काकांनी कठडा घट्ट धरला आणि ओठ मिटून घेतले. दुसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून आवाज आला, "हळू! हळू!"

काका खिडकीकडे धावले. "तू गप रे, मेल्या! ती गातेय!"