मंदीचा दहावा पत्रा

धाटावच्या कंपनीत ठेकेदाराकडं आम्ही बायका पॅकिंगला होतो. ठेका संपला, काम सुटलं, पण अष्टमीच्या पुलाजवळ गप्पांना अजून जमतो. एकेकीने पीएफ काढला आन् एकेक किस्सा माझ्या पदरात पडला!

*

पहिली गेली तारा. पैशे आले, पण कमी. बँकेतला साहेब म्हणाला, "आजी, पाच वर्षं व्हायच्या आत काढलात ना, म्हणून टीडीएस कापला. सरकारचा टॅक्स."

तारा भडकली. "माझ्या घामाचे पैशे, मला न विचारता कापले? आमचा न्हावी पण विचारतो, बारीक करू का मध्यम!"

साहेब हसून लाल. पण पैशे परत कसे मागायचे, ते त्यानेच समजावलं बिचाऱ्याने.

*

मग कळलं, कमाई कमी असली तर आधीच फॉर्म द्यायचा, म्हंजे कापत नाय. साठीच्या आतल्यांचा वेगळा, साठीवरच्यांचा वेगळा. आमच्या शारदेने कामाला लागताना वय दाबलेलं. आधारला अठ्ठावन्न, घरात पणतू!

मी विचारलं, "शारदे, कुठला मागू गो?"

"ज्यात म्हातारी दिसणार नाय तो!"

*

मंदीचं मात्र वेगळं. माहेर पेणजवळच्या जोह्याचं, घरोघर गणपती घडवणारं गाव, हात सोन्याचा, सीझनला गणपतीचे डोळे आखते. नवरा गेल्यापासून एकच ध्यास, पीएफ काढायचा आन् माहेरी मूर्तींची स्वतःची शेड घालायची. पत्र्यांचा हिशोब पैशाला पैसा लावून केलेला.

मला मस्करीची खाज! म्हटलं, "मंदे, टॅक्स दहातला एक. टॅक्सवाले येऊन शेडीचा दहावा पत्रा काढून नेणार!"

सकाळी मंदी दारात हजर. डोळे सुजलेले. "मावशी, कडेचा नेला तर चालंल. मधला नको गो, खाली मूर्ती भिजतील."

माझंच तोंड एवढंसं झालं. तशीच तिला धरून पेणला कम्प्युटरवाल्याकडं नेली.

*

कम्प्युटरवाला म्हणाला, "फॉर्म पाठवायच्या आधी फोनला चेहरा दाखवायचा. ताई, पापणी मिटा."

मंदी फोनातल्या आपल्याच चेहऱ्याकडं बघत दगडासारखी. पापणी हलंना!

"अवो ताई, मिटा की!"

"नाय जमत, दादा. समोर डोळे दिसले की माझी पापणी थांबते. हलली की देवाच्या डोळ्याची रेघ जाते."

त्याने टाळी वाजवली, फुंकर मारली, पंखा तोंडावर फिरवला. फोनवरचं गोल लाल ते लालच. तो म्हणाला, "असं चाललं तर फॉर्म जायचा नाय, टॅक्स कापणार." मंदीच्या डोळ्यांत पाणी भरलं, तरी पापणी नाय!

मी हळूच कानाशी गेले. "मंदे, मधलाच नेतायत गो!"

तिने डोळे गच्च मिटले. टिंग करून गोल हिरवं!

पीएफ सगळाच्या सगळा आला. शेड उभी हाय. पण मी उंबऱ्यात पाय ठेवला की मंदी "या मावशी" म्हणायच्या आधी वर पत्र्यांकडं बघते!