थारोळ्यातलं हरवलेलं पाणी

गवंड्यानं मला फसवलं. विहिरीचं थारोळं, म्हणजे मोट जिथं रिकामी होते तो दगडी हौद, त्यानं चुन्यात बांधायचं कबूल केलं आणि आतून चिखलात बांधलं. मजुरीत मी घासाघीस केली होती, हे खरं. चुन्यात केली नव्हती.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. बाजारात बैलांची खरेदी-विक्री करून मी कुंभार पिंपळगावजवळ शेत घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात मिरचीचे शेवटचे वाफे कोरडे राहू लागले. बैल तेच, मोट तीच. गवंड्याला बोलावलं.

"मालक, पाट मधी अरुंद झालाय. म्हणून पानी कमी येऊन राह्यलंय."

"अरुंद जागी पाणी पळतं, रुंद जागी रमतं," मी म्हणालो. "वरून निघालं तेवढं खाली पोचलंच पाहिजे. पाट कुठं फुटला न्हाई, काठावरून सांडलं न्हाई. मंग गेलं कुठं?"

"जिरलं असंल जमिनीत. पान्याचा बी हिशोब मागता काय!" तो हसून निघून गेला.

मी हसलो नाही. विहिरीत उतरलो. वर धाकटा भाऊ मोट हाकत होता. थारोळ्याखालच्या दगडांच्या सांध्यांतून पाणी गळत होतं. विहिरीचं पाणी नितळ, हे मात्र गढूळ. पाणी एकटं येत नव्हतं, माती घेऊन येत होतं. जेवढी माती बाहेर आली, तेवढी पोकळी आत झाली होती. आणि त्या पोकळीवर भाऊ नि बैल.

"बैल सोड! जल्दी!" मी पायऱ्या चढत ओरडलो.

"भरली मोट हाय दादा, वर तर येऊ दे! इंचू चावला का काय?"

"सोड म्हंतो ना, गाढवा!"

माझा चेहरा दिसला तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं मोटेचा दोर, नाडा, सोडला. मोट धाडकन खाली गेली. बैल उतारावरून पळाले, तो त्यांच्यामागं. मी काठावर पोचलो, तर पायाखालून घुमल्यासारखा आवाज आला. मी बाजूला उडी मारली आणि थारोळं आख्खं आत बसलं.

भाऊ त्यानंतर कुठल्याच विहिरीच्या काठावर उभा राहिला नाही. गवंड्याला मी अजून विचारतो आहे. जमिनीत जिरलं म्हणालास ना? मग ये, माझ्या भावासमोर उभा राहा आणि त्या थारोळ्यात काय भरलं होतंस ते सांग.