हर्षदचे ब्रो आणि एक दादा

रेवसच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या कुणी तुम्हाला ‘ब्रो’ म्हणालं, तर तो हर्षद समजा. मुंबईची लाँच लागली की त्याची सहा आसनी रिक्षा पुढे सरकते आणि शब्द सुरू होतो. लांबवलेला ‘ब्रोऽऽ’ म्हणजे अलिबागला येताय का. तुटक ‘ब्रो’ म्हणजे जरा सरका, अजून एक बसतोय. मान खाली घालून म्हटलेला ‘ब्रो’ म्हणजे तुमच्या घरचं कळलं, फार वाईट झालं. वाहतूक पोलिसाला तो हाच शब्द हात जोडून म्हणतो. रस्त्यात ठाण मांडलेल्या म्हशीला म्हणतो, कॉलेजच्या मुलींना म्हणतो आणि मलाही म्हणतो. मी त्याला सातवीत मराठी शिकवलंय! हाक मारायला काका, मामा, भाऊजी अशी भरलेली भाषा असताना या पठ्ठ्याने माणसं आणि म्हशी एका दावणीला बांधल्या, याचा मला भयंकर राग येई. तरी रिक्षातली त्याच्याशेजारची पुढची जागा मी कधी सोडली नाही, तेवढा मी व्यवहारी आहे.

एकाच माणसाला हर्षद ब्रो म्हणत नसे. तो त्याचा सख्खा थोरला भाऊ, गणराज.

चार वर्षांपूर्वी हर्षदने रिक्षा लावायला आपल्या वाट्याच्या भातखाचरात मातीचा भराव टाकला. पाण्याची वाट बंद झाली आणि शेजारच्या गणराजचं उभं भात कुजलं. ‘दादा, चुकलो,’ एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. हर्षद म्हणाला नाही. मग थोरल्यानेही तोंड फिरवलं आणि दोघांनी अबोला धरला. गणराज उन्हातान्हात धक्क्यापर्यंत चालत जाई, पण धाकट्याच्या रिक्षाला हात दाखवत नसे.

पण घरचा गणपती एक. दोघांना एका छपराखाली यावंच लागे आणि मधे गणराजची बायको प्रणाली दुभाषी म्हणून उभी राही.

“त्याला सांग, समई सरळ कर.”

“वयनी, त्यांना म्हणावं, सरळच हाय.”

दोघांत हातभराचं अंतर. बिचारी प्रणाली दोन्ही वाक्यं इमानाने पोचवी. मी आरतीला जाई तेव्हा मला हसूही येई आणि दोघांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटे.

यंदा विसर्जनाला गणराज नेहमीसारखा मूर्ती डोक्यावर घेऊन खाडीत उतरला. मागे पाट घेऊन हर्षद. बायका काठावर थांबायच्या, ही त्यांच्याकडची रीत, म्हणून दुभाषी काठावरच राहिली. पाणी कमरेला लागलं. तिथे थांबायचं असतं, कारण पुढे तळ एकदम तुटतो. डोक्यावरच्या मूर्तीमुळे गणराजला मान वाकवता येईना आणि त्याचा अंदाज चुकला. तो पुढेच निघाला.

हर्षदने सवयीने हाक मारली, “ब्रो!”

काठावरच्या दहा-बारा पोरांनी वळून पाहिलं. एका होडीवाल्याने हात वर केला. मीसुद्धा “काय रे?” म्हणालो. गणराजने मात्र पुढचं पाऊल उचललं.

“ब्रो! अरे ब्रो, थांब!”

आता सगळा काठ थांबला. एक गणराज थांबेना.

तेव्हा हर्षदच्या तोंडून फुटलं, “दादा! दादा, पुढं खोल हाय!”

गणराज जागच्या जागी उभा राहिला. हर्षद पाणी कापत गेला आणि त्याने मूर्तीखाली हात लावला. वळून न बघता थोरला म्हणाला, “चार पावसाळे लागले व्हय रे तुला?”

“चुकलो, दादा. भराव काढतो मी.”

“आधी गणपती नीट धर.”

काठावर प्रणाली पदराने डोळे पुसत होती. माझेही भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

भराव निघाला. मला वाटलं, आता या शब्दाचंही विसर्जन झालं असणार. परवा लाँचमधून उतरलो आणि नेहमीप्रमाणे पुढच्या जागेकडे वळलो. तिथे गुडघ्यांवर पिशवी धरून गणराज बसला होता.

हर्षदने मला दंडाला धरून हळूच मागे वळवलं.

“ब्रो, तुमी मागं बसा. पुढं दादा हाय.”