बाबांच्या कीने आलेली फाइल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी लिनक्स सर्व्हर सांभाळतो. काही बिघडलं की आधी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग बघायचा, मग तोंड उघडायचं, ही सवय. तरीही हे लिहितोय...

बाबा सदाशिव पेठेत एकटे राहायचे, मी वाघोलीत. तरी ऑफिस सुटलं की रोज त्यांच्याकडे चक्कर, एकही दिवस चुकवला नाही. धाकटा निखिल जर्मनीत. बाबांना त्याच्यासाठी रोज बोलून रेकॉर्ड करायचं होतं — "पण मधे कोणी ऐकता कामा नये हं!" म्हणून मी माझ्या घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून फाइल सिंकचा, म्हणजे एकाकडची फाइल आपोआप दुसऱ्याकडे पोचवणारा, सर्व्हर उभा केला. प्रत्येक फोनची, लॅपटॉपची वेगळी 'की', म्हणजे डिजिटल किल्ली; ती मी मंजूर केल्याशिवाय प्रवेश नाही. फाइल्स फोनवरच कुलूपबंद होऊन यायच्या आणि ज्याच्या नावाने पाठवल्या त्यालाच उघडायच्या. म्हणजे सर्व्हर माझा, वीजबिल माझं, आणि आतलं मलाच ऐकता येत नव्हतं!

निखिलला वीस-वीस मिनिटं. मला काय, तर "दूध आणलंस का?" जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. एकदा विचारलंच, "बाबा, माझ्यासाठी कधी काही रेकॉर्ड केलंत?"

"तू रोज येतोस की. समोर बसलेल्याला कोणी पत्र लिहितं का?"

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर मी त्यांचा फोन रीसेट मारून पार कोरा केला. निखिलसाठीची रेकॉर्डिंग्ज त्यात होती, म्हणूनच. त्याच्याकडे ती होतीच, पण मला डोळ्यांसमोर नको होती. त्याबरोबर बाबांची कीसुद्धा पुसली गेली. ती दुसरीकडे कुठेही नव्हती.

पुढच्या रविवारी, भर दुपारी, माझ्या लॅपटॉपवर एक नवीन फोल्डर आलं — 'मंदार'. माझं नाव. आत एकच फाइल. कुकरची शिट्टी, आणि मग बाबांचा आवाज...

"मंदार, आज आला नाहीस."

नऊ सेकंद. लॉग तीनदा तपासला. फाइल त्याच दिवशीची, बाबांच्या कीने आलेली. फोन माझ्या कपाटात बंद पडलेला.

निखिलला सांगितलं. तो रडायलाच लागला. "दादा, मला पाठव ना ती."

"तुझ्याकडे ढीगभर आहेत," म्हणालो आणि फोन ठेवला.

हे कसं घडलं, मला आजही माहीत नाही. कोणाला लॉग तपासायचा असेल तर खुशाल देतो. फाइल मात्र मागू नका... ती मी सर्व्हरवरूनही काढून घेतली आहे.