जाहिरात माझ्या नावाची

लग्नाला सहा वर्षं झाली आणि मूल नाही, म्हणून आम्ही नगरला तपासणीला गेलो. मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो, तिथंच खोली घेऊन आम्ही दोघं राहतो. आई-वडील कोल्हारला, शेतीवर. तपासणीचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. लॅबच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, हे ॲप घ्या, रिपोर्ट त्यातच येईल." मी घेतलं. त्यानं दोन-तीनदा काहीतरी विचारलं, मी दोन-तीनदा 'हो' दाबलं. रिपोर्ट आला. बायकोचं सगळं व्यवस्थित होतं. कमतरता माझ्यात होती.

तो रिपोर्ट मी कितीदा वाचला असेन. त्यातला एकेक शब्द मोबाईलवर शोधून पाहिला. बायकोला म्हणालो, "एवढ्यात घरी नको सांगायला." तिनं मान डोलावली.

पंधरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जण डबे उघडून बसलो होतो. मॅच चालू होती. माझा मोबाईल मोठा, म्हणून तोच पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. ओव्हर संपली आणि पांढरा कोट घातलेला एक माणूस पडद्यावर आला. मोठ्या आवाजात बोलायला लागला, "लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी मूल नाही? दोष पुरुषातही असू शकतो. शुक्राणूंची संख्या कमी असेल तर आजच भेटा. नगरमध्ये, तुमच्या जवळच."

मी झडप घातली, पण हात भाजीनं माखलेला. बोट घसरलं, जाहिरात काही बंद होईना. आमच्यातला वयानं मोठा एक जण हसत म्हणाला, "आरं, तुलाच बरं हे दावतंय? आमाला तर ट्रॅक्टरच्या जाहिराती येत्यात."

बाकीचे हसले. मग एकाएकी हसायचे थांबले. ते थांबणं हसण्यापेक्षा वाईट होतं. मी डबा बंद केला आणि मशीनवर जाऊन उभा राहिलो. त्या दुपारी माप चुकून माझे तीन जॉब रिजेक्ट झाले. सुपरवायझरनं ते गुपचूप बाजूला ठेवले, म्हणजे त्यालाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून लॅबमध्ये गेलो. काउंटरवर मोबाईल आपटला. "माझा रिपोर्ट कुणाला दिला?"

मॅनेजर बाहेर आला. फार गोड बोलत होता. "सर, रिपोर्ट आम्ही कुणालाच देत नाही. तुम्ही कुठं जाता, काय शोधता, ते तुमचा फोनच सांगतो. आणि ॲपमध्ये परवानगी तुम्हीच दिलीय." त्यानं पडद्यावर एक पान उघडून दाखवलं. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, बोट सरकवत राहिलं तरी संपेनात.

"हे कोण वाचतं?"

"कुणीच वाचत नाही सर," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढंच.

"मग हे लिहिता कशाला?"

लॅबवाला ॲपकडं बोट दाखवत होता, ॲपमध्ये कुणाचा फोन नंबर नव्हता, आणि जाहिरातवाल्यांना लावलेला फोन एक-दोन दाबत राहा म्हणत होता. ज्याच्या कानाखाली वाजवावी असा एकही माणूस सापडेना.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मला वाटलं, तीही चिडेल त्यांच्यावर. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"एक दिवस चार माणसं तुमच्याकडं बघून हसली, तर तुम्ही रजा टाकून भांडायला गेलात. माझ्याकडं सहा वर्षं अख्खं गाव बघतंय. बारशाला बोलवत नाहीत मला. तेव्हा कुठं होता हा राग?"

ती पुन्हा मेथी निवडायला लागली, पण पानं कुठं आणि देठ कुठं टाकतेय, तिचं लक्ष नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं कोल्हारला गेलो. वडील ओसरीत होते, चुलती आली होती. चहा व्हायच्या आतच आई म्हणाली, "एक वैद्य हाय लई गुणाचा. हिला येकदा न्यायाची."

"आई, तिला कुठंच न्यायचं नाही. तिच्यात काही दोष नाही. माझ्यात आहे. रिपोर्ट आलाय."

"हळू बोल की. शेजारी ऐकत्याल."

"ऐकू दे! नगरातल्या जाहिरातवाल्यांना ठाऊक आहे, कंपनीतल्या लोकांना ठाऊक आहे, तुलाच तेवढं ठाऊक नव्हतं."

वडील उठून गोठ्याकडं गेले. चुलती पदर सावरत बसली. आई वळून बायकोला म्हणाली, "मंग तू का गं गप ऱ्हायलीस?"

म्हणजे तेही तिच्याच माथी. मी तोंड उघडलं, पण बायकोच आधी बोलली. "ते त्यांनी सांगायचं होतं, आत्याबाई. मी नाही." आवाज चढवला नाही. आई उठून आत गेली.

पुढच्या महिन्यात भावकीत बारसं होतं. आई स्वतः फोन करून सुनेला म्हणाली, "तू ये. पुढं बस." बायको गेली आणि पुढं बसली. आईचा राग माझ्यावर अजून आहे. असू दे.

उपचार आता दुसऱ्या दवाखान्यात चालू आहेत. तिथंही पहिल्याच दिवशी मोबाईल नंबर मागितला, त्याशिवाय केसपेपर निघत नाही म्हणे. फॉर्मच्या तळाशी तीच बारीक अक्षरं. मी पेन घेऊन त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माझी माहिती कुणालाही द्यायला परवानगी नाही', आणि खाली सही केली.

क्लार्क म्हणाला, "सर, कॉम्प्युटरला असं चालत नाही."

"मग कॉम्प्युटरला चालेल असं करा," म्हटलं, "मी थांबतो." मागं रांग लागली होती. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.